झोपवलेला पहारा

मसाई पठारावर उभ्या असलेल्या विदुला कोरगावकरच्या कॅम्परव्हॅनपाशी भरदुपारी एक घामाघूम माणूस आपली ई-बाईक ढकलत आला. बॅटरी संपलेल्यांना ही इंजिनिअर बाई गाडीतली वीज देते, असं त्याला खालच्या गावात कळलं होतं.

विदुलाने त्याला पाहताक्षणी ओळखलं. उदयन देवस्थळी. चहा उकळेपर्यंत भरणाऱ्या ‘शीघ्रपेशी’ बॅटरीचा जनक. त्याने मात्र तिला ओळखलं नाही. चौकशीच्या वेळी ती मागच्या रांगेत बसली होती.

ती चौकशी तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची होती. शीघ्रपेशी वीज इतक्या वेगाने पिते की तिला आवरायला आत एक चिप बसवलेली असते. तिला सगळे ‘पहारा’ म्हणतात. शिरीषची बाईक घाट उतरताना पेटली. उतारावर ब्रेक दाबला की चाकांतली वीज उलटी बॅटरीत शिरते. बॅटरी काठोकाठ भरलेली आणि पहारा बंद असेल, तर पेशी फुटून पेटणारच, असं विदुला लेखी अर्जांतून सांगत राहिली. देवस्थळीने शपथेवर सांगितलं की पहारा बंद पडला तरी शीघ्रपेशी पेटत नाही; कोरगावकरांनीच ती उघडून काहीतरी खटपट केली असणार. शिरीष जिवानिशी गेला आणि वर निष्काळजी ठरला.

विदुलाने पाहुण्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि त्याची बॅटरी गाडीच्या सॉकेटला लावली. चार्जिंगच्या वायरीतून नुसती वीज जात नाही, गाडी आणि बॅटरी एकमेकींशी बोलतही असतात. पहाऱ्याला झोपवणारा संदेश शोधण्यात तिने मधली सगळी वर्षं घातली होती. तो तिने आता पाठवला.

बॅटरी भरली. आभार मानून तो बाईकवर बसला. समोर घाटाचा उतार होता. त्याला तसंच जाऊ द्यायचं तिने ठरवलं होतं. पण मग आपण का मेलो, हे त्याला कळलंच नसतं. एवढ्या स्वस्तात तिला त्याला सोडायचं नव्हतं.

“देवस्थळी, मी शिरीष कोरगावकरची बायको. तुमच्या बॅटरीतला पहारा मी झोपवलाय. तुम्हीच म्हणाला होतात, काही होत नाही. निघा.”

तो सावकाश खाली उतरला. हा गुन्हा आहे, पहारा आधी जागा करा, असं म्हणू लागला.

“गुन्हा कसला? बॅटरी पेटतच नाही ना?”

त्याने हँडल सोडून बाईक स्टँडला लावली.

“पेटते,” तो अखेर म्हणाला. “तेव्हाही माहीत होतं.”

तिने त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं, शिरीषचं पूर्ण नाव घेऊन. मग त्याची बॅटरी काढून ठेवली आणि चालत जा म्हणाली. इतक्या वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

तो मात्र हलला नाही. बॅटरी न उघडता पहारा कसा झोपवला, असं त्याने विचारलं. वायरीतूनच, तिने ताठ मानेने सांगितलं. कुठल्याही सॉकेटमधून जमेल.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“शिरीषचा पहारा बंद कशाने पडला, ते आम्हाला कधीच सापडलं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्या दिवशी घाटात उतरण्याआधी त्यांनी बाईक कुणाच्या सॉकेटला लावली होती?”