वाशीतली चौकशी

“पोरगा निर्व्यसनी हाय. अजून काय पायजे तुम्हाला?”

बब्रुवानकाकांनी चहाचा कप माझ्यासमोर असा ठेवला, की मी दचकलेच. त्यांच्या हॉटेलात बसून मी एवढंच विचारलं होतं, की खव्याचा कारखाना चालवणारा मल्लेश माणूस कसा आहे? दारू घेतो का? शब्दाला पक्का आहे का? घरात कोण कोण असतं?

“घरात एकटी म्हातारी. धुरपदाबाई म्हंजे गाय हाय गाय,” काकांनी गळ घातली. “सून म्हणून गेलात तर राणीवानी ऱ्हाशाल!”

मागच्या बाकावर कुणाला तरी जोरात ठसका लागला.

“काका, जरा दम धरा की... मॅडम कर्जाच्या कामाला आल्यात.”

मी वळून पाहिलं. तो मल्लेशच होता. कान लालबुंद, आणि डोळे मात्र हसणारे... मेले, तेच डोळे नडले मला.

आमच्या धंद्याची रीतच तशी. पाच वर्षं मी मुंबईतल्या एका बँकेत मोठ्या कंपन्यांचे कर्जरोखे विकले. रोखा विकला की विषय संपला, कर्ज घेणाऱ्याचं तोंडही बघायची गरज नाही. त्याचा कंटाळा येऊन मी खासगी कर्ज देणाऱ्या एका छोट्या फंडात आले. इथं कर्ज विकून हात झटकता येत नाहीत. ते फिटेपर्यंत आपल्याच गळ्यात, म्हणून आधी माणूस पारखायचा. माझी पहिलीच फाईल वाशीची. नवी मुंबईची नव्हे, धाराशिवची!

आणि या गावात माणसाची अशी चौकशी फक्त मुलीकडचे करतात. मग काय, दुपारपर्यंत बातमी गावभर. मुलगी स्वतःच स्थळ बघायला आली म्हणे, धीट आहे हो!

त्या पावसाळ्यात मी वरचेवर वाशीला जात राहिले. काम होतंच. पण कामापेक्षा माझे प्रश्नच जास्त वाढले होते, हे कबूल करायला हवं.

“अजून काय विचारायचं राहिलंय?” भट्टीवरचा गरम खवा पळसाच्या पानावर देत तो एकदा म्हणाला.

“स्वयंपाक येतो का?”

“हे फंड विचारतोय... का तुम्ही?”

“फंड!”

“मग फंडाला सांगा, पिठलं लई झकास करतो.” मी घास तोंडाकडे नेला तसा तो हळूच म्हणाला, “फुंकून खा... जीभ भाजल.”

भादव्यातल्या एका दुपारी उकाडा असा, की गावातल्या बायकांनी विकायला आणलेलं दूध भट्टीवर चढेपर्यंत नासलं. आठवड्यात दुसऱ्यांदा. दूध थंड ठेवायची सोयच नव्हती, त्याच यंत्रांसाठी तर त्याला कर्ज हवं होतं. बायका रिकाम्या किटल्या घेऊन निघाल्या, आणि हा दारात मान खाली घालून उभा, जणू ऊन यानंच पाडलं होतं. त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. माझ्या अहवालात ते कुठंच बसण्यासारखं नव्हतं.

तो बोलला, तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता.

“गावानं ठरवलंच हाय, तर—”

“तर काय?”

“तर... आपण तरी कशाला न्हाय म्हणायचं?”

हो म्हणायला ओठ उघडलेही होते मी. पण आधी मुंबईला जाऊन माझ्या वरिष्ठ सोनाली मॅडमना सगळं सांगितलं.

“चौकशी तू केलीस, समृद्धी. कर्ज फिटेपर्यंत त्याच्याशी नातं चालणार नाही. लग्न केलंस तर फाईल बंद.”

“मी नोकरी सोडली तर?”

“तरी शिफारस तुझीच ना? होणाऱ्या बायकोनं केलेली. अशी फाईल कमिटी पुन्हा हातात घेत नाही.”

“कर्ज किती वर्षांचं?” मला माहीत होतं, तरी विचारलं.

“सात.”

मी तशीच वाशीला गेले आणि मल्लेशला सगळं सांगितलं. तो ताडकन उठला.

“मग नको मला कर्ज! आजच लिहून देतो.”

काय सांगू, केवढा आनंद झाला मला! लाज वाटावी इतका.

तेवढ्यात दूध घेऊन बायका आल्या. त्यातल्या विठाबाईंनी दारातूनच हाक दिली, “मल्लेश, मशीन कवा येनार रं बाबा? माझी म्हस आता दोन्ही वक्ताला दूध देती, सांजचं समदं नासून जातं बग!”

त्यानं नुसती मान हलवली आणि बायकांकडे बघत राहिला. मग मटकन खाली बसला.

“न्हाय जमायचं, समृद्धी,” तो म्हणाला. माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. “ह्यांना आता काय सांगू? आणि सात वर्षं थांब म्हणायचा मला हक्क न्हाय.”

“‘थांब’ म्हणून तर बघा... एकदा.”

तो उठून बायकांच्या किटल्या आत घेऊ लागला. मी थांबले असते हो. सात काय, चौदा थांबले असते, पण त्यानं म्हणायला तर हवं होतं! म्हणाला असता तर तो मल्लेश राहिला नसता, हे कळतं मला. कळूनही रडू थांबत नाही.

मंजुरी आली, सह्या झाल्या. फाईल दुसऱ्याकडे सोपवून मी निघाले, तेव्हा धुरपदाबाई लगबगीनं गाडीपाशी आल्या. त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

“लई दिस झाले चौकशीला,” त्या हसून म्हणाल्या. “एकदाचं सांग की पोरी, आमचा पोरगा पसंत हाय न्हवं?”

त्यांच्यामागे मल्लेश उभा होता. त्यानं नजर उचलली.

“पसंत आहे, आई,” मी त्याच्याकडे बघत म्हणाले. “लई पसंत आहे.”

आणि गाडीत बसले.