छप्पर नसलेले घर

गुरुवार, ६ फेब्रुवारी, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. कलोपचार केंद्राच्या बाकावर दोन पालक बसले होते आणि समोरच्या बंद दारामागे त्यांची दोन मुले माती मळत होती.

बाकाच्या एका टोकाला चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी ती. दुसऱ्या टोकाला लिफ्ट दुरुस्त करणारा तो. त्याचा चष्मा नाकावर डावीकडे कललेला. तिला राहवले नाही.

“द्या इकडे,” ती म्हणाली आणि दांडी बोटांत हलकेच दाबून तिने तो सरळ करून दिला. त्याने चष्मा चढवला, तिच्याकडे पाहिले... आणि पाहतच राहिला.

त्यानंतर दर गुरुवारी तो चष्मा वाकडा होऊनच येऊ लागला. दांडी सरळ होईतो दोघांचा वाद रंगे. आई वारल्यापासून त्याची लेक चिमणी घराबाहेर अवाक्षर काढत नव्हती. मातीशी खेळून ती बोलू लागेल यावर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. बिघाड सापडल्याशिवाय दुरुस्ती कसली, असे तो म्हणे. चष्मेवालीचे म्हणणे साधे होते. ती एकटीच वाढवत असलेला, हाताला येईल ते भिरकावणारा तिचा मुलगा आता कागदावर रंग भिरकावून शांतपणे घरी येई. तिला तेवढे पुरेसे होते.

एका गुरुवारी मात्र चिमणी दारातच अडून बसली. हातात तिने केलेले मातीचे घर. त्याचे छप्पर निघालेले दिसले, म्हणून बापाने ते आदल्या दिवशी मोठ्या सफाईने चिकटवून दिले होते. तेव्हापासून ती घरातही गप्प होती.

“बस झालं,” तो म्हणाला. “आजपासून हे बंद. घरात चार शब्द बोलायची, तेही गेले.”

“छप्पर तुटलं होतं, की तिनंच काढलं होतं?”

हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

“पण मॅडम, मोडलेलं तसंच ठेवायचं? माझा धंदाच दुरुस्तीचा.”

“एवढं एक राहू द्या की बिनदुरुस्तीचं.”

तो मुलीसमोर गुडघ्यांवर बसला. सांध्यातून खिशातले पातळ पाते फिरवून त्याने छप्पर अलगद उचलले. चिमणी घरात डोकावली.

“बाबा, छप्पर असलं तर माणसं आत कशी ठेवू?” ती म्हणाली आणि घर घेऊन दार ढकलून आत निघूनही गेली.

त्याने चष्मा काढून डोळे पुसले. चष्मेवालीने हात पुढे केला.

“द्या. आणि आज सांगाच, हा दर आठवड्याला वाकतो कसा? उशाखाली घेऊन झोपता की काय?”

“मी वाकवतो.”

“म्हणजे—?”

“लिफ्टच्या दारातली केसाएवढी फट हेरणारा माणूस मी. चष्म्याची दांडी मला सरळ करता येत नसेल, असं खरंच वाटलं तुम्हाला?”

ती दांडीकडे पाहत राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

“नाही वाटलं,” ती हळूच म्हणाली. “दुसऱ्याच गुरुवारी कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“दुरुस्तीची घाई तुम्हाला असते... मला नव्हती.”

चष्मा तिच्याच हातात राहिला, आणि त्यावर त्याचाही हात.

पाच वाजता दार उघडले. चिमणीने घर आणून दोघांच्या मधोमध ठेवले. त्याने वाकून चष्म्याविनाच आतली माणसे मोजली. दोन मोठी, दोन लहान. एकूण चार.