रॅक बारा, खालचा खण

भिवंडीजवळ दापोड्याच्या अगरबत्तीच्या गोदामात विनिता पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काम साधंच होतं. ऑफिसातला कॉम्प्युटर आठ दिवस चालू होत नव्हता, दोन मेकॅनिक बाहेरूनच बघून हात टेकून गेले होते, म्हणून मालकाने नारपोलीतल्या तिच्या दुकानात फोन केला होता. विनिता लगेच हो म्हणाली. का म्हणाली, ते मात्र तिने मालकाला सांगितलं नाही.

त्याच कॉम्प्युटरवर तिचा धाकटा भाऊ हितेश कामाला होता. आला माल आणि ठेवल्याची जागा लिहून घेणं ही त्याची ड्युटी. दसऱ्याच्या दिवशी सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. आई इथे येऊन रडून गेली, तर सुपरवायझर रामनाथ म्हणाला, नोकरी सोडून सुरतेला पळाला. विनिताचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. हितेशने काही लिहून ठेवलं असेल तर ते कॉम्प्युटरच्या त्या डब्यातच असणार, आणि डबा उघडणं हे तर तिच्या हातचं काम.

रामनाथने तिला कधी पाहिलं नव्हतं. आडव्या बांध्याचा, पानाने ओठ लाल झालेला माणूस. खांद्यावर हमालांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा टाकून हिंडायची त्याची सवय.

"बघ ताई, बटण दाबून दाबून बोट झिजला. न्हाय चालू होत," तो म्हणाला.

गोदामात एकही हमाल नव्हता, सगळे जेवायला गेले होते. पत्रा तापला होता. मोगऱ्याचा वास इतका दाट की घशाशी येत होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, गोडसर, नको तो. मेलेली घूस असेल, असं विनिताने स्वतःला समजावलं.

तिने बटण दाबलं. काही नाही. घरी हितेश फुशारक्या मारायचा, की हा डबा फक्त माझं ऐकतो, बाजूला दोन थापा मारल्या की मुकाट चालू होतो. घराच्या दाराचीही तो कडी कधी वाजवत नसे. दोन थापा, बस्स.

विनिताने सीपीयूची वायर काढली आणि कमरेला गुंडाळली. तिचे बाबा लूमवर जॉबर होते, मशीन दुरुस्त करायचे. ज्याने मशीनमध्ये हात घातला त्याने फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरा कोणी चुकून मशीन चालू करत नाही, ही त्यांची शिस्त. भिवंडीत हे सगळ्यांना ठाऊक. रामनाथलाही.

डब्याचा पत्रा एका कोपऱ्याला आत चेपला होता. स्क्रू काढून तिने तो उघडला. आतला पंखा कशाने तरी घट्ट जाम झाला होता. काळपट, वाळलेलं काहीतरी.

"दसऱ्याला कोंबडा दिला ना मशीनला... त्याचा रगत उडला असंल," मागून रामनाथ म्हणाला.

विनिताने चिमट्याने तो गुंता ओढला. केस होते. सोनेरी रंगवलेले. नवरात्रात हितेशने हौसेने केस रंगवले होते आणि आईने त्याला त्यावरून दोन दिवस धारेवर धरलं होतं.

"कोंबड्याला केस कधीपासून यायला लागले?" ती म्हणाली.

मागे शटर खाली आल्याचा आवाज झाला.

"तू कोन त्याची?"

"बहीण."

"माझी तक्रार मालकाला करत व्हता... इथंच डोका आपटला त्याचा. तीन येळा."

आकडा फिरला आणि तिच्या खांद्यात रुतला. मांस फाटलं, ती किंचाळत जमिनीवर कोसळली. रामनाथने आकडा उपसून बाजूला टाकला आणि केस काढायला डब्यात हात घातला. बिनधास्त घातला. वायर हिच्या कमरेला आहे, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

थप्... थप्.

आवाज डब्याच्या आतून आला.

पंखा फिरला. रामनाथची बोटं कडकड मोडली, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. एवढासा पंखा, पण त्याने मनगट ओढलं, मग कोपर. रामनाथ ओरडत पाय झाडत होता. मग कोणीतरी मानगूट धरावी तसं त्याचं डोकं त्या चेपलेल्या कोपऱ्यावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हाड फुटल्याचा आवाज आला आणि तो घसरत टेबलाखाली गेला. विनिताने दोन्ही हातांनी कमरेची वायर घट्ट धरली होती.

समोर स्क्रीन उजळली. मालाची रोजची यादी.

हितेश. नग एक. रॅक बारा, खालचा खण.

रामनाथ. नग एक. टेबलाखाली.

ती खुरडत रॅक बारापर्यंत गेली. मोगऱ्याची खोकी बाजूला केली, ताडपत्रीचं टोक उचललं. सोनेरी केस दिसले. बाकीचं तिने पाहिलं नाही. ताडपत्रीवर हात ठेवून ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. निदान सापडला. निदान आईला आता त्याची वाट बघावी लागणार नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"विनी... आपला हितेश आलाय गं! दारावर दोन थापा मारल्यान."

"आई... दार उघडू नकोस."

"अगं, खिडकीतून दिसतोय ना. मोगऱ्याचा केवढा वास येतोय. पर बोलत न्हाय... नुसता मान हलवतोय, नको नको म्हणून."

विनिताने वळून पाहिलं. स्क्रीनवर तिसरी ओळ आली होती.

नग दोन. नारपोली, खोली चौदा.

तिच्याच घराचा पत्ता.

"आई, त्याच्याबरोबर कोणी आहे?"

"हाय ना... मागं एक आडवा मानूस हाय. खांद्यावर कायतरी लोखंडाचा हाय त्याच्या."

विनिताने टेबलाकडे पाहिलं. रामनाथ होता तसाच पडला होता. त्याच्या शेजारी, आकडा पडला होता तिथे, फक्त तिच्या रक्ताचा ओला डाग होता.

फोनमध्ये दाराची कडी वाजली. थापा नव्हेत, कडी.