बंद केल्यावरचा आवाज

तुम्ही व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर करून मागताय. तोही साधा नाही, एकाच व्हॉल्व्हवर स्पीकर वाजवणारा, ज्याला आम्ही सिंगल एंडेड म्हणतो. मी नाही म्हटलं की तुम्ही बाहेर जाऊन सांगणार, त्या माणसाला फार भाव चढलाय. तसं काही नाही हो. गेल्या हिवाळ्यात मी असा एक केला, आणि त्यानंतर सोल्डरिंगला हात लावलेला नाही. बसा, दिवा जवळ घ्या. सगळं ऐकून झाल्यावरही तुम्हाला हवा असेल तर बघू.

सुरुवात अगदी साधी झाली. काकूंचा फोन आला की माळा आवरताना एक पेटी सापडली आहे, घेऊन जा. काकू म्हणजे माझ्या गुरूंची बायको. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी तिथे सहा वर्षं काम शिकलो. गिऱ्हाइकापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांना जाऊन आता सव्वीस वर्षं झाली.

पेटीत एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर होता, काकांनी हातानं गुंडाळलेला. तीन हजारांवर वेढे, एकावर एक, मेणात बुडवलेले. झाकण उघडताच त्या जुन्या मेणाचा वास खोलीभर झाला. खाली त्यांच्या अक्षरातली सर्किटची आकृती होती.

"माझ्यासाठी करायला घेतला होता," काकू म्हणाल्या. "लग्नाला वीस वर्षं होत होती म्हणून. तू पुरा करशील?"

"करतो की."

"पण सावकाश हं. घाईनंच घात केला त्यांचा."

हे वाक्य त्या सव्वीस वर्षं म्हणत होत्या. आणि ते मुळात माझं होतं. मीच त्यांना दिलेलं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. अशा यंत्राची पिन भिंतीतून काढली तरी आतले मोठे कपॅसिटर वीज धरून बसतात. कधीकधी तास-तासभर. माणूस मारायला पुरेल एवढी. म्हणून काकांच्या दुकानात नियम होता. यंत्र उघडं केलं की एकानं विचारायचं, "केलास का रे डिस्चार्ज?" दुसऱ्यानं एक रेझिस्टर कपॅसिटरच्या टोकांना लावून वीज उतरवायची, मीटरवर शून्य बघायचं, आणि मगच म्हणायचं, "केला." दिवसातून तीस-चाळीस वेळा. आता एखादा शब्द इतक्यांदा बोलला ना, की तो हातातून निघून जातो आणि नुसता तोंडात राहतो.

त्या दुपारी मी चासीला, म्हणजे यंत्राच्या पत्र्याच्या सांगाड्याला, पाडलेलं भोक कानशीनं घासत होतो. काकांनी विचारलं. मी मान वर केली नाही. म्हणालो, "केला, काका."

केला नव्हता.

डावा हात खिशात ठेवूनच काम करायचं, हे मला ज्या माणसानं शिकवलं, त्यानं त्या दिवशी घसरणारी चासी धरायला डावा हात बाहेर काढला. उजवा यंत्रात घातला. वीज एका हातातून शिरली आणि छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडली. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. लोक जमले तेव्हा मी म्हणालो, काकांनी विचारलंच नाही, घाईत हात घातला. मी तेवीस वर्षांचा होतो, फार घाबरलो होतो. पण नंतर मी तीस वर्षांचा झालो, चाळीसचा झालो, तेव्हा कुठे बोललो? आणि काकू मेलेल्या नवऱ्यावर रागावून बसल्या.

दोन महिने लागले मला. चासी कापली, भोकं पाडली, तारा पिळून कडेकडेनं नेल्या, सगळ्या अर्थिंगच्या तारा एकाच बिंदूत आणल्या, कारण या प्रकारात जरा हयगय झाली की स्पीकर घूं घूं करत बसतो. जोडीचा व्हॉल्व्ह नसतो ना चूक झाकायला. आणि या एकट्या व्हॉल्व्हला विश्रांती नाही. गाणं असो वा नसो, त्याच्यातून वीज सारखी वाहतच असते.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. गाणारी बाई समोर बसून श्वास घेतेय असं वाटलं. मग मी बटण बंद केलं. असा ॲम्प्लिफायर बंद केल्यावरही तीन-चार सेकंद वाजतो, आतली उरलेली वीज संपेपर्यंत. गाणं हळूहळू विझत गेलं. पण गाण्याच्या खाली आणखी एक आवाज होता, तो राहिला.

खर्र... खर्र... कानस घासल्याचा.

मी हसलो. काही व्हॉल्व्ह आसपासचे धक्के पकडतात आणि स्पीकरमधून ऐकवतात, तसला नग असणार. मी व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या दिवशी बंद केल्यावर कानस वाजली, आणि तिच्यासोबत पंख्याची कटकट. प्रत्येक फेऱ्याला एक कट. आमच्या दुकानातला पंखा तसाच वाजायचा, काका रोज म्हणायचे, उद्या तेल घालू. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खोकलं.

मी पिन भिंतीतून काढली. आवाज थांबला नाही. स्पीकरची तार सोडली, तर तोच आवाज ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांतून येऊ लागला, बारीक, डास कानाशी यावा तसा. आठव्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, त्यातून काका बोलले.

"केलास का रे डिस्चार्ज?"

आणि तिथेच आवाज तुटला.

रोज आवाज थोडा थोडा पुढे सरकत होता. पुढे काय येणार ते जगात फक्त मला माहीत होतं. आणि काकूंचे रोज फोन. झाला का रे? किती राहिला? मी थापा मारत होतो, हा भाग मिळत नाही, ती तार यायची आहे. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच येते. तुझ्याकडेच ऐकते." मोडून टाकावा असं सतरांदा मनात आलं. पण त्यांना काय सांगणार होतो? आधीच एक खोटं सव्वीस वर्षं पोसलं होतं, दुसरं पोसायची ताकद नव्हती.

आल्या. बायको कामावर गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी रेकॉर्ड लावली. काकूंनी डोळे मिटले. माझा बेत असा, की त्या जिना उतरेपर्यंत बटणाला हातच लावायचा नाही.

रेकॉर्ड संपली. सुईखाली तबकडी नुसती फिरत राहिली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "बंद कर आता."

"राहू दे काकू. नवीन आहे, तापू दे जरा."

"वीज का जाळायची उगाच?" असं म्हणून त्यांनीच हात लांब करून बटण खाली केलं.

व्हॉल्व्हचा लाल उजेड मावळला. कानस. पंखा. मग खोकला.

काकूंनी डोळे उघडले. "हा... हा त्यांचा खोकला."

मी धावत जाऊन पिन उपटली आणि ती हातात धरून उभा राहिलो. काही उपयोग नाही हे माहीत असूनही.

"केलास का रे डिस्चार्ज?"

पुढचं माझं उत्तर. मी कानांवर हात ठेवले. पण उत्तर आलं नाही. कानससुद्धा थांबली. पंखा तेवढा कटकट करत होता. तिकडे कुणीतरी थांबलं होतं, ऐकत होतं.

"कुणाला विचारतायत?" काकूंनी हळूच विचारलं.

"...मला."

"तू काय म्हणाला होतास?"

"केला म्हणालो होतो. केला नव्हता, काकू."

त्या ओरडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "सव्वीस वर्षं मी त्या माणसाच्या फोटोशीसुद्धा धड बोलले नाही रे."

मला भुईनं गिळलं तर बरं असं वाटलं.

"अरे, केलास का?" स्पीकरमधून पुन्हा आलं. आता जरा वैतागून.

काकूंनी माझं मनगट धरलं. त्या वयात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "सांग त्यांना. खरं सांग."

मी स्पीकरच्या जाळीजवळ तोंड नेलं. "नाही, काका... राहिला. केला नाही."

पलीकडे एक उसासा. आणि मग, अगदी जसे ते म्हणायचे तसं, "गाढवा! जीव घेशील कुणाचा तरी. ऊठ, ते कर आधी."

कानस खाली ठेवल्याचा आवाज आला, स्टूल मागे सरकलं, आणि सगळं शांत झालं. काकू हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. "जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "तिथे त्यांनी हात नाही घातला." मलाही तेच वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं. आनंदात माणसाला पुढचं सुचत नाही.

यंत्र मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी पोचवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दारात एवढंच म्हणाल्या, "तू फोन करू नकोस. वाटलं तर मी करीन."

चौथ्या दिवशी फोन आला.

"अरे," त्या अगदी दबक्या आवाजात बोलत होत्या, "आज ते घरी आले. म्हणजे... त्यातून. रडतायत. म्हणतात, मीच त्याला उठवलं. म्हणतात, चासी घसरत होती, पोरानं डाव्या हातानं धरली..."

"आणि?"

"दवाखान्यात ठेवलंय तुला."

मी फोन ठेवला आणि दिव्याखाली हात धरले. उजव्या तर्जनीच्या टोकाला मसुराएवढा पांढरा डाग. डाव्या तळव्यावर दुसरा. काकांच्या हातांवर डॉक्टरांनी असेच डाग दाखवले होते, अगदी तिथेच. दुखत नव्हते. जुने, भरलेले व्रण. मी कधीच पाहिले नव्हते ते.

बायकोला दाखवले तर ती म्हणाली, "नवीन काय त्यात? लग्नाआधीपासूनचे आहेत की. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, दुकानात शॉक बसला, थोडक्यात वाचलो."

मी असं काही बोललो नव्हतो. पण खरं सांगतो, तिच्या त्या 'वाचलो'ला मी घट्ट धरून बसलो.

तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी फोन करायच्या. सुरुवातीला तर आम्ही दोघं त्यावर हसायचोसुद्धा. "काकू, आज कसा आहे मी?" असं विचारायचो. त्या सांगायच्या. आज डोळे उघडलेस. आज पाणी प्यायलास. आज ताप आहे. काका उशाशी बसून आहेत, घरी यायचं नाव घेत नाहीत. मग आठवड्यापूर्वीपासून ताप उतरेना. बोलताना त्या थांबायला लागल्या.

काल फोन आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, "आज कसा आहे मी?"

"बरा आहेस."

"ताप?"

"उतरला. तू जेवलास का?"

"काकू, खरं सांगा."

"बरा आहेस म्हटलं ना."

फार पटकन म्हणाल्या. मान वर न करता माणूस बोलतो ना, तसं. तो सूर मी ओळखतो, माझ्याएवढा कोण ओळखणार? त्यांच्या मागे खोलीत ते यंत्र होतं. त्यातून कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उठल्याचा आवाज आला, मग चादर वर ओढल्यासारखा. आणि काकूंनी फोन ठेवला.

आज त्यांचा फोन आलेला नाही. येईल अजून, उशीर झाला असेल. तुम्ही तो चहा घ्या, गार होतोय. मघाशी बायको आत घेऊन आली तेव्हा आपण दोघं असून एकच कप का आणला, ते मी तिला विचारलेलं नाही.