डाव्या पिळाची वात

बसा, पण इकडे उजव्या हाताला बसा. ती डावीकडची जागा राहू द्या. काहून, ते सांगते.

माझं नाव उर्वशी आणि काम आशाताईचं, घरोघरी जाऊन गोळ्या द्यायचं, आजाऱ्यांची विचारपूस करायचं. या जोडीवर गावातली पोरं हसायची, हसू द्या. आर्णीजवळच्या आमच्या या गावात गेल्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून घरोघरी कापूस खोल्यांत कोंबून ठेवला होता. अशा खोलीत आवाज मरतो. तिथे दिवा नेत नाहीत, बिडी पेटवत नाहीत. अंधार पडला की तो तसाच राहू द्यायचा असतो.

मी मारोतीभाऊच्या आईला गोळ्या द्यायला जायची. तिला सगळे विमलमाय म्हणतात. दिवाळीत तिची जाऊ कोकिळाकाकू वारली, तेव्हापासून माय जेवेना, बोलेना. डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, वयाचं खूळ नाही. गोळ्या चुकवू नका आणि रोज कोणीतरी जवळ बसा. मग मीच बसायची. दोघी जावांनी जन्मभर मिळून वाती वळल्या होत्या, म्हणून मायसमोर कापूस आणि दुधाची वाटी ठेवायची. एक दिवस तिनं बोटं दुधात भिजवली आणि वात वळली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्यानंतर एकदा दिवेलागणीला गेली, तर माय कापसाच्या खोलीच्या दारात बसलेली. पाठ माझ्याकडे. शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून ती हळू आवाजात बोलत होती. आतून सरकीचा तेलकट वास येत होता. ताटलीत वाती होत्या, त्यातल्या अर्ध्या उलट्या पिळाच्या.

कोकिळाकाकू डावखुरी होती. "काकू, तुमची वात देवालेही उलटी दिसत असंन," असं मी तिला कितीदा चिडवलं होतं.

"माय... कोणाशी बोलून राह्यली?"

"कोकिळेशी."

आम्हाला शिकवलं आहे, अशा वेळी सरळ विचारायचं. विचारल्यानं माणूस मरत नाही, उलट मोकळा होतो. मी विचारलं.

"माय, मरावंसं वाटते का तुले?"

तिनं हातातली वात ताटलीत ठेवली. मग म्हणाली, "मले नाई वाटत वो. तिलेच करमत नाई... एकटीले. ये म्हणते."

आत कापूस दबला. ढिगाच्या उतारावर हळूहळू एक खळगा पडत गेला, कोणी टेकून बसावं तसा. मायनं उठायला जमिनीवर हात टेकला. मी तिचं मनगट घट्ट धरलं. खरं सांगू, भीतीआधी मला रागच आला. एकेक घास भरवून मी हिला माणसांत आणली होती, अशी कशी जाऊ देऊ? आणि दारोदारी जे म्हणते, तेच तोंडातून निघून गेलं.

"कोकिळाकाकू, मायले सोडा... तुमाले करमत नसंन तर मी येत जाईन बसायले."

खळगा हळूहळू भरून आला.

माय सुधारली. गोळ्या वेळेवर, जेवण पोटभर. मारोतीभाऊला शिव्या देऊ लागली, तेव्हा डॉक्टरही हसले. पुढे कापूस विकला गेला, खोली झाडून झाली, नुसत्या भिंती उरल्या. आता बसायचं कोणापाशी? मी गेलीच नाही.

यंदा आमच्या घरी मधल्या खोलीत कापूस भरला आहे. घरचे म्हणतात, भाव येईल. परवा दिवेलागणीला मी इथंच, त्या खोलीच्या दाराशी बसली होती, तर माय भेटायला आली, चांगली ठणठणीत. उंबऱ्यातच थांबली. माझ्या डाव्या बाजूला पाहून गोड हसली.

"असू दे, बसू दे तिले," म्हणाली. "तू कबूल केलं होतं ना... मी येते मंग."

ती गेल्यावर मी हात टेकून उठायला लागली, तर बोटाला काहीतरी ओलं लागलं. वात होती, उलट्या पिळाची. त्या दिवशी आमच्या घरात दुधाचा थेंब नव्हता.