जावकच्या रजेचा अर्ज

विषय: परदेशात सायकलने भटकण्यासाठी मागितलेली एक महिन्याची रजा.
संदर्भ: अर्जदाराचा साध्या कागदावरचा अर्ज. आवक क्रमांक नाही.

"हे काय, काका? भुताची गोष्ट सांगणार होतात ना?" धाकटी पुतणी म्हणाली.

"तीच सांगतोय. पस्तीस वर्षं कारकुनी केली. माझ्याकडे भूतसुद्धा संदर्भाशिवाय येत नाही. खिडकीची कडी लाव आणि गप बस. आणि हे ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरलं, त्यानेच मला सांगितलंय."

काकांच्या कचेरीत दोन टेबलं समोरासमोर होती. येणाऱ्या कागदांवर क्रमांक घालणारा तो आवक आणि जाणारे कागद रवाना करणारा तो जावक. त्यांची खरी नावं पगारपत्रकाबाहेर कुणी वापरली नव्हती.

जावक दर वर्षी महिनाभर रजा काढी आणि सायकल घेऊन कुठल्यातरी परक्या देशात भटकून येई. खिशात दमडी नसली तरी त्याचं अडत नसे. पाव, उकडलेली अंडी आणि कॅरिअरला बांधलेला, वाटभर टिण टिण वाजणारा पत्र्याचा मग, एवढ्यावर त्याची स्वारी. परत आला की पंधरा दिवस अख्खी कचेरी त्याच्या टेबलाभोवती. आवकच्या टेबलाभोवती माशा, त्याही चहा सांडला तर.

"एका दिवसात एकशे बारा किलोमीटर!" जावक सांगे. "आवक्या, एकदा तुलाही ओढून नेणार बघ."

आवक दात दाखवी. आत तिळपापड होई. आपण ज्या गावाचं नाव फक्त पाकिटावरच्या शिक्क्यात वाचतो, तिथे हा माणूस फुकट झोपून येतो, आणि वर आपल्यालाच ओढून नेतो म्हणतो!

एका वर्षी जावकचा रजेचा अर्ज आवकच्या टेबलावर आला. कचेरीचा दंडक असा, की आवक क्रमांक पडल्याशिवाय कागद आलाच नाही असं धरायचं. आवकने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि क्रमांक न घालता अर्ज आपल्या खणात सारला. खणाला कुलूप, किल्ली पाकिटात.

"काय रे, माझा अर्ज?" जावक रोज विचारी.

"वर गेलाय."

जावकने दोन स्मरणपत्रं दिली. तीही त्याच खणात गेली. त्याच्या भटकंतीचा हंगाम टळला, आणि तीन महिन्यांनी जावकच वर गेला. झोपेत. हृदय बंद पडलं.

आवक सांत्वनाला गेला तेव्हा वहिनींनी एक वही त्याच्या हातात ठेवली. "त्यांच्या वाटा आहेत यात, भावजी. रजा मिळाली असती तर तुम्हाला घेऊनच जायचं म्हणत होते."

आवकने मान खाली घातली. पण घरी आल्यावर वहीत पहिलं काय शोधलं असेल? एकशे बाराचा दिवस. पुढच्या वर्षी त्याने रजा मागितली. स्वतःच्या अर्जाला क्रमांक स्वतःच घातला, त्याच मिनिटाला. तोच देश, तोच रस्ता. फक्त किलोमीटर एकशे तेरा.

चौदा ऑक्टोबर, शुक्रवार. पहाटे साडेपाचला आवक निघाला. पहिल्या गावात पाव घ्यायला थांबला. पाववालीने त्याची सायकल पाहिली, हसली, एक बोट वर केलं आणि रस्त्याकडे दाखवलं. एक जण पुढे गेलाय. मग तिने नखाने बरणीचं झाकण वाजवलं. टिण, टिण.

"असेल कुणी," आवक म्हणाला. भाषा कुणाला कळणार होती!

दुपारी चाक पंक्चर झालं. दुरुस्तीवाल्याने ठिगळ लावलं, एक बोट वर केलं, घड्याळावर अर्धा तास दाखवला, पुढे बोट केलं. आणि पान्याने पत्र्यावर... टिण, टिण.

आवकच्या कपाळावर आठी चढली. तेव्हा भीती नव्हती. जळफळाट होता. आजच्या दिवशी तरी कुणी पुढे असायला नको होतं.

रात्री नऊच्या सुमारास अठ्ठ्याण्णव किलोमीटरवर एक स्वस्त वसतिगृह लागलं. रखवालदाराने सहीची वही पुढे केली. आवकने पेन टेकवलं. वरच्या ओळीत जावकची सही होती. तीच लफ्फेदार, शेपटी डावीकडे वळवलेली. रोज समोर बसून पाहिलेली.

तारीख आजची.

रखवालदाराने एक बोट वर केलं. दाराबाहेर दाखवलं.

शहाण्या माणसाने तिथेच पांघरूण मागितलं असतं. आवकच्या तोंडून निघालं, "मेला तरी पुढेच!" आणि तो पुन्हा सायकलवर बसला.

रात्री नऊ चाळीस. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुढे एक लाल दिवा.

टिण... टिण...

आवकने पायडल मारलं. दिवा जवळ आला. हँडलवरच्या मीटरवर एकशे दहा. छाती फुटायला आली. एकशे अकरा. दिव्यामागे पाठ दिसली. कचेरीतला तोच राखाडी सदरा. एकशे बारा.

तो बरोबरीला आला. बाजूला पाहिलं नाही. पाहवलं नाही...

"काय रे, माझा अर्ज?"

अगदी कानाशी. रोजच्यासारखंच.

"वर..." आवकने पायडल दाबलं.

आकडा पालटला. एकशे तेरा. आवक पुढे होता. जन्मात पहिल्यांदा.

आणि टिण, टिण आता... मागून येत होतं.

तो थांबला नाही. मागेही थांबलं नाही. उजाडेपर्यंत.

"मग?" पुतणी कुजबुजली. तिने पाय वर घेतले होते.

मग काय. आवक परतला, थेट कचेरीत गेला. खणाचं कुलूप जागेवर, किल्ली पाकिटात. आत अर्ज. जावकच्या सहीखाली, त्याच्याच अक्षरात एक नवी ओळ होती: 'अर्जदार क्रमांक दोन.' पुढे आवकचं पूर्ण नाव, पगारपत्रकातलं. सहीची जागा कोरी.

आवकने त्याच दिवशी अर्जाला क्रमांक घातला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शेरा मारला: 'पहिला अर्जदार हयात नाही. दुसऱ्याने सही केल्यास विचार करता येईल.'

दुसऱ्याने अजून सही केलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.