पांढऱ्या घोड्यावरचा राग

"डावीकडं दोर आहे... डावीकडं," संध्या बोलून गेली आणि लगेच तिनं ओठ मिटून घेतले.

घनसावंगीहून तीर्थपुरीला निघालेली काळी-पिवळी जीप नुकतीच एका खड्ड्यातून उसळली होती. शेजारच्या तरुणाच्या हातातल्या पडद्यावर एक प्रवासी कड्याच्या टोकाला लोंबकळत होता. तरुणानं घाईनं बटण दाबलं. दोर हाती आला, प्रवासी वर चढला. मग तरुणानं सावकाश मान वळवली.

"तुम्ही कधीपासून बघून राह्यल्या?"

"मी कुठं... तुमचा कोपर माझ्या पर्समध्ये घुसून राह्यलाय, म्हणून नजर गेली."

त्यानं कोपर आवरला. "मंग कोपराचे आभार मानायला पाहिजेत. या कड्यावरून मी लय वेळा पडलो."

त्याचं नाव धम्मपाल. तीर्थपुरीजवळच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो उसाचा रस तपासायचा. संध्या तीर्थपुरीच्या शाळेत तिसरीच्या मुलांना शिकवायची. दोघंही घनसावंगीचे, पण त्या खड्ड्यापर्यंत एकमेकांना ओळखत नव्हते. पुण्याच्या चुलतभावानं नवं गेमिंग यंत्र घेतलं आणि जुनं धम्मपालला दिलं. वहीएवढं, दोन्ही बाजूंना बटणं असलेलं. जीपमधला वेळ तो त्यावर काढायचा.

ज्यांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांना वाटेल, नुसती मारामारी असेल. तसं नव्हतं. त्या खेळात एक अख्खा प्रदेश होता. डोंगर, नद्या, धुरकट वाड्या, आणि कुठंही जायची मोकळीक. त्या प्रदेशातली मोठी घंटा हरवली होती आणि तिच्याशिवाय तिथं सकाळ धड उजाडत नव्हती. तिचे तुकडे शोधायचे आणि शेवटच्या गडावर ती पुन्हा टांगायची, एवढंच काम. पण मध्येच नदीकाठी मासे धरत बसलं तरी कुणी रागवत नसे.

दुसऱ्या दिवशी संध्या जीपमध्ये चढली, तर ड्रायव्हर भुजंगमामानं मधल्या सीटवरच्या एका माणसाला मागं हलवलं. "मॅडम, तुमची जागा तिकडं. पोरगं वाट चुकून राह्यलंय."

तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. धम्मपाल बटणं दाबायचा आणि ती वाट सांगायची. पुलाखालून चला. त्या म्हातारीशी बोला, ती खोटं बोलत नाही. प्रवाशाला बसायला एक केसाळ याक मिळाला तेव्हा त्याचं नावही तिनंच ठेवलं — हेडमास्तर. कपाळावर आलेले केस आणि कुठंही मध्येच थांबून विचार करायची सवय, दोन्ही तिच्या शाळेतल्या सरांसारखं.

"तुमच्या सरांना कळलं तर?" धम्मपाल हसत होता.

"त्यांना आनंदच होईल. याक लय कष्टाळू असतो."

शाळेत शेवटच्या तासाला ती मुलांना हीच गोष्ट सांगायची. घंटा, गड, हेडमास्तर याक... मुलं खऱ्या हेडमास्तरांकडे बघून खुसखुसायची. "मॅडम, आज कुठपर्यंत गेले?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरूच होत नसे.

"शेवट मात्र सोबत बघायचा," ती एकदा धम्मपालला म्हणाली.

"बिलकुल," तो म्हणाला. "तुमच्याशिवाय गडावर पाय ठेवणार न्हाई."

हे त्यानं पडद्याकडे न बघता, तिच्याकडे बघून म्हटलं होतं. पण संध्याचं लक्ष तेव्हा नदीपलीकडच्या एका दिव्याकडे होतं.

मग वंदना आली.

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती नवीन लागली होती. फाट्यावर जीपमध्ये चढली, समोरच्या आडव्या सीटवर बसली आणि धम्मपालच्या हातात बघून म्हणाली, "अरे, हा गेम? मी कॉलेजात असतानाच संपवला. दोनदा."

अरे. संध्याला तो शब्द खड्यासारखा लागला. एवढे दिवस शेजारी बसून ती अजून 'तुम्ही' म्हणत होती. आणि ही आल्या आल्या...

"तू इथं काय करून राह्यला? हा लांबचा रस्ता आहे," वंदना पुढं झुकली. "धबधब्यामागं भुयार आहे ना."

"पण धबधब्यापाशी आम्ही मासे धरतो," संध्या म्हणाली.

वंदनानं तिच्याकडं कौतुकानं बघितलं. लहान मुलाकडं बघतात तसं. "मॅडम, तुम्ही खेळता का?"

"न्हाई. मी... वाट सांगते."

हे वाक्य संध्याला स्वतःलाच इतकं केविलवाणं वाटलं, की पुढचा सगळा रस्ता ती बाहेर बघत राहिली. कापसाची शेतं पांढरी झाली होती. तिला कापूसही आवडेना.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती जीपमध्ये बसली आणि पडद्यावर तिला एक पांढरा घोडा दिसला. तुकतुकीत, उंच, मान उडवणारा.

"हेडमास्तर कुठंय?"

धम्मपालनं घसा साफ केला. "गोठ्यात ठेवलाय. वंदना म्हणली, शेवटच्या घाटात याक चढत न्हाई. घोडा जल्दी जातो."

"कुठं जायची घाई आहे?"

"तसं न्हाई..."

"छान आहे घोडा," संध्या म्हणाली. "शोभतो तुम्हाला."

त्या दिवशी शाळेत मुलांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की हेडमास्तर आजारी आहे. मग मुलं हळहळली आणि तिलाच रडू येईल असं वाटलं. घोड्यावर कुणी जळतं का? चित्रातल्या घोड्यावर? तिनं फळा पुसता पुसता स्वतःला समजावलं. पण फळ्यावरही तिला तो मान उडवताना दिसत होता. त्याच्या मागं वंदनाचं हसू आणि ते 'अरे'.

आणि सोमवारी, जीप सुरू व्हायच्या आधीच, धम्मपाल हळूच म्हणाला, "मॅडम... गेम संपला. काल संपवला."

संध्यानं खाली बघितलं. त्याच्या हातात यंत्र नव्हतं. मांडीवर रिकामे पंजे ठेवून तो बसला होता.

"वंदनानं सांगितलं असेल, कसं ते."

"हो, पण—"

"अभिनंदन," ती म्हणाली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून तीर्थपुरीपर्यंत समोरच्या आरशाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीनं जायला लागली. एसटी उशिरा यायची, खिडक्या खडखडायच्या आणि शेजारी कुणीही बसायचं. मुलांनी घंटेचं विचारलं की ती म्हणायची, "प्रवासी अजून वाटेत आहे." गोष्टीचा शेवट तिला माहीत नव्हता. माहीत होता तो त्याला. आणि वंदनाला. दोघांनाच.

जानेवारीतल्या एका थंड सकाळी एसटी मध्येच थांबली. पुढं उसाची एक ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली होती. सगळीकडे ऊस पसरला होता, आणि जीप, मोटारसायकली, एसटी, सगळं एकामागे एक अडकून पडलं होतं. माणसं खाली उतरून ऊस सोलत उभी राहिली. संध्याही उतरली. बघते तर समोरच भुजंगमामाची जीप. वंदना तिच्या बोनेटला टेकून कांडं चावत होती. तिनं संध्याकडं बघितलं, मग हाक मारली, "अरे धम्मपाल, तुझ्या मॅडम आल्या बघ."

तो जीपमागून आला. हातातला ऊस कुठं ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून तो तसाच धरून उभा राहिला.

"एसटी बरी वाटून राह्यली का?"

"हो. तिथं घोडे नसतात."

"घोड्याचा राग अजून गेला न्हाई."

"मी कशाला रागावू? तुमचा गेम, तुमचा घोडा. सोबत बघायचं म्हणाला होतात, तेवढं विसरलात." मग न राहवून तिनं विचारलं, "कसा होता शेवट?"

धम्मपालनं ऊस खाली ठेवला. "खरं सांगू? घंटा वाजली. सगळे डोंगर उजळले. छान होतं. मंग नावं वर सरकत गेली, ज्यांनी ज्यांनी गेम बनवला त्यांची. अन् नंतर परत मला त्याच गावात आणून सोडलं. सगळे ओळखून राह्यले, नमस्कार करून राह्यले. पण कुणाचंच माझ्याकडं काम न्हाई. सगळे रस्ते मोकळे, अन् कुठंच जायचं न्हाई." तो थांबला. "मी शेजारी मान वळवली, तुम्हाला सांगायला. तिथं आमच्या घरची भिंत."

"वंदना नव्हती?"

"ती फोनवर होती. म्हणली, झालं का, मंग मी जेवते. अन् ठेवला."

संध्याला हसू येणार होतं. तिनं ते मोठ्या कष्टानं अडवलं. "मग एवढी घाई कशाला केली?"

"घाई मलाच होती. वंदनाला मीच म्हणलं, जवळचा रस्ता सांग. जळत होतो मी."

"कुणावर?"

"त्या गेमवर."

ती बघतच राहिली.

"हसू नका. एवढे दिवस शेजारी बसलात, पण बघितलं कुठं? पडद्यावर. मी नवा शर्ट घालून आल्तो, तर तुम्ही म्हणल्या, हेडमास्तरला पाणी पाजा. एकदा अंगात ताप होता तरी आल्तो, तर म्हणल्या, आज तुमचा नेम लय चुकून राह्यलाय. त्या प्रवाशाची काळजी, याकाची काळजी... मंग ठरवलं, हे संपवूनच टाकायचं. गेम नसताना तुम्ही माझ्याशेजारी बसता का, ते बघायचं होतं." त्याचा आवाज खाली गेला. "अन् तुम्ही दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेल्या. मला उत्तर मिळालं."

ट्रॉलीला दोर बांधून माणसं ती ओढत होती. कुणीतरी 'हां, अजून' म्हणत होतं.

"चुकीचं उत्तर आहे ते," संध्या म्हणाली. "मी एसटीनं गेले, कारण... ती तुम्हाला अरे म्हणते."

"काय?"

"वंदना. अरे म्हणते. आल्या दिवसापासून. आणि मी..." तिचे कान तापले होते. "मला गेम खेळता येत नाही हो. तो संपला, तर तुमच्याशेजारी बसायला माझ्याकडे दुसरं काय कारण होतं?"

धम्मपाल एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "कारण लागतं का?"

ट्रॉली बाजूला झाली. एसटीच्या कंडक्टरनं घाई केली, "ओ मॅडम, चला, गाडी निघाली." संध्यानं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं आणि ती जीपकडे वळली.

भुजंगमामानं न बोलता मधली सीट रिकामी केली. वंदना आपणहून पुढं जाऊन बसली. जीप निघाली. धम्मपालचे हात रिकामे, संध्याची नजर रिकामी. समोर पडदा नव्हता, कडा नव्हता, सांगायला वाटही नव्हती.

"आता?" तो पुटपुटला.

संध्या त्याच्याकडे वळली. त्याच्या डाव्या भुवईत एक बारीकशी खाच होती. तिथं केस उगवले नव्हते. हनुवटीजवळ दाढी करताना सुटलेला एक केस. डोळे काळे नव्हते, तपकिरी होते. त्या प्रदेशातली प्रत्येक पायवाट तिला पाठ होती, आणि यातलं काहीच माहीत नव्हतं.

"हे काय लागलंय?" तिनं भुवईकडे बोट केलं.

"लहानपणी पडलो होतो. लांबलचक गोष्ट आहे."

"सांग," ती म्हणाली.

तो इतका गडबडला की सांगायचंच विसरला. आरशातून भुजंगमामा म्हणाले, "धम्मपाल, मान हलवू नको. मॅडम बघून राह्यल्या."

पुढच्या सीटवर वंदना खोकल्यासारखं हसली. संध्याचे गाल लाल झाले होते. पण तिनं नजर काढली नाही.